भज्जीतला दात

आमच्या घरात पांढरी टूथपेस्ट बंद होऊन लाल दंतमंजन आले, ते केवळ माझ्या वैचारिक परिपक्वतेमुळे.

दात घासताना बेसिनमध्ये रक्त दिसू लागले होते. पत्नी सुनंदा म्हणाली, "अहो, हिरड्या सुजल्यात तुमच्या. आत्ताच डॉक्टरांना दाखवा की." पण दंतवैद्याच्या खुर्चीची मला लहानपणापासून धास्ती (ती मागे कलते, आणि तिच्याबरोबर माणसाचा स्वाभिमानही). मी खोल विचार केला आणि मंजन बदलले. लाल चुळीत लाल रक्त कोणाला दिसणार? आठवडाभरात हिरड्या बऱ्या झाल्याचे मी जाहीर केले. खेदाची गोष्ट अशी, की त्यावर माझाही विश्वास बसला.

दात मात्र विश्वासावर उभे राहत नाहीत. खालच्या बाजूचा पुढचा एक दात हलू लागला. मी ऊस सोडला, पेरू चिरून खाऊ लागलो. उतारवयात मला शिष्टाचार सुचला, असे सुनंदाला वाटले.

अशा अवस्थेत येळामावस आली. त्या दिवशी आमच्याकडे सगळे शेतात जेवतात. आम्ही सोलापूरहून वळसंगला, सासूबाईंच्या शेतावर गेलो. कडब्याच्या खोपीत पूजा झाली आणि पंगत बसली. तूर, हरभरा, पावटा, शेंगदाणे एकत्र शिजवलेली भज्जी, मडक्यातले आंबील आणि कडक भाकरी. सासूबाई पंचाहत्तरीच्या, पण ती पापडासारखी भाकरी स्वतःच्या दातांनी मोडतात आणि इतरांच्या भाकरीच्या आवाजावरून त्यांची प्रकृती जोखतात.

मी माझा तुकडा हळूच आंबिलात बुडवला.

"जावईबापू," सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "भिजवून खाताय व्हय? आमच्या हितं बिनदाताची माणसं तसं खात्यात."

पंगतीत हसू पसरले. बत्तिशीची अब्रू पणाला लागली. मी नवी भाकरी उचलली आणि पुढच्या दातांनी मोडली. कट् असा आवाज झाला. सर्वांनी तो भाकरीचा मानला. चेहरा लपवावा म्हणून भज्जी वाढून घेण्याच्या निमित्ताने मी पातेल्यावर वाकलो. तोंडातून "आई गं" निघाले, आणि त्यामागोमाग दात.

भज्जीत दात शोधणे म्हणजे काय, हे शेंगदाणा, पावटा आणि दात ज्याने कधी शेजारी शेजारी ठेवून पाहिले असतील त्यालाच कळेल! मेहुण्याने भज्जी परातीत ओतली आणि पंगत जेवण सोडून निवडायला बसली. कोणी ना कोणी काहीतरी उचलून माझ्यापुढे धरी आणि मी ओळखपरेडीतल्या साक्षीदारासारखी नकारार्थी मान हलवी. अखेर सासूबाईंनाच तो सापडला. त्यांनी तो पदराला पुसून माझ्या तळहातावर ठेवला.

"घ्या. हे पीक आमच्या शेतातलं न्हाय."

दुसऱ्या दिवशी मी दंतवैद्याच्या त्या खुर्चीत होतो, सुनंदा शेजारी. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्या म्हणाल्या, "रक्त दिसलं तेव्हाच आला असता तर नुसत्या साफसफाईवर भागलं असतं, काका. हा दात गेला. शेजारचे दोन हलतायत. ते वाचतील, पण आता हयगय नको. इतके दिवस रक्त लक्षात कसं आलं नाही?"

मी छताकडे पाहिले. खुर्चीची ती एक सोय आहे.

उत्तर सुनंदाने दिले. तेही, तिला तिथेच उमगलेल्या मंजनाच्या रंगासकट. मग डॉक्टरीणबाईंनी तिलाही बसवले, कारण घरात मंजन एकच होते. तिच्याही हिरड्यांतून रक्त येत होते, पण वेळ गेलेली नव्हती. एका साफसफाईत ती सुटली. घरी परतताना ती एवढेच म्हणाली, "तुम्ही स्वतःला फसवलंत ते ठीक. पण मलापण की?" मी वाटेतच पांढरी पेस्ट घेतली.

माझे ते दोन दात वाचले. पुढच्या येळामावसेला मी डॉक्टरीणबाईंची परवानगी काढून, सर्वांसमोर कडक भाकरी मोडून दाखवली. सासूबाईंनी कान देऊन ऐकले, समाधानाने मान हलवली, आणि माझ्यापुढे भज्जीचे एक लहानसे, वेगळे पातेले ठेवले.

जावयाचा मान समजून मी ते स्वीकारले.