मार्करने शिकवलेला खेळ

भरवेलीच्या खाणीतल्या साहेबांशी टेनिस खेळायला क्लबात एक मार्कर होता. सकाळी कोर्टावर चुन्याच्या रेघा मारायच्या आणि संध्याकाळी साहेबांना जागचं हलावं लागू नये असा बॉल द्यायचा, ही त्याची नोकरी. साहेब नसले की तो एकटाच भिंतीशी खेळायचा. कधी मला, खाणीतल्या कारकुनाला, हाक मारायचा. त्याच्यासमोर मलाही वाटायचं, आपण बरे खेळतो.

एका साहेबांच्या मुलीला त्यानेच शिकवलं. ती जबलपूरला जिंकली, नागपूरला जिंकली. मग साहेबांची बदली झाली. पोरीचं पत्र कधी आलं नाही. पेपरातल्या तिच्या बातम्या तो माझ्याकडून वाचून घ्यायचा. दिल्लीत ती पहिल्याच फेरीत हरली. पुढच्या वर्षीही. पेपरात लिहिलं होतं, ती सुंदर खेळते, पण समोरच्या मुलीला पळायला लावतच नाही.

मी वाचायचा थांबलो.

"मले दुसरं येतेच कुठी, बाबूजी?" तो म्हणाला. "जे येत होतं तेच शिकवलं पोरीले."

"काका, आज मले हरवून दाखवा," मी म्हणालो.

"हौ," म्हणत तो उठला. दातओठ खाऊन मारत राहिला, घामाने भिजला. मला एकदाही जागचं हलावं लागलं नाही.