सही तात्यांची, अक्षर माझं

तात्या गेले. त्यांच्या नावावरचा डाग खोटा होता.

यातलं दुसरं वाक्य लिहायला मला चौदा वर्षं लागली.

ज्यांना तात्या माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. तात्या भिगवणचे. साखर कारखान्याच्या शेतकी ऑफिसात माझे साहेब. आणि जुन्या अमेरिकन ब्लॅक अँड व्हाइट गुन्हेपटांचं वेड असलेला अख्ख्या इंदापूर तालुक्यातला बहुधा एकमेव माणूस.

त्या सिनेमांना फिल्म न्वार म्हणतात. हा शब्द ते इतक्या कौतुकाने उच्चारायचे, की आमच्या शिपायाला ती उसाची नवीन जात वाटली होती.

रविवारी दुपारी त्यांच्या घरी शो असायचा. खिडकीला खताची रिकामी पोती लावून अंधार करायचा. फटीतनं उन्हाच्या पट्ट्या भिंतीवर पडल्या की गडी खूश.

"बघ विलास, पिक्चरमधी हिरोच्या तोंडावर पडत्यात तशाच पडल्यात का न्हाय?"

टीव्हीचा रंग त्यांनी कायमचा शून्यावर नेऊन ठेवला होता. काकूंच्या मालिकेतल्या पैठण्यासुद्धा राखाडी. "ह्यांच्या पायी सून काय रंगाचं नेसलीय त्ये कळंना मला," असं काकू कुरकुरायच्या आणि चहा घेऊन आमच्यातच बसायच्या.

इंग्रजी बेताचं. डिक्शनरी मांडीवर घेऊन, सबटायटल थांबवून एकेक सिनेमा ते चार-चार वेळा बघायचे. मग आम्हाला मराठीत सांगायचे.

"ही बाई खोटं बोलत न्हाय. निम्मं खरं बोलतीया. त्ये जास्त वाईट."

"ह्यो हिरो वाईट न्हाय. एकदाच वाकडं पाऊल पडलंय त्येचं."

मी मान डोलवायचो. त्यांच्याकडे बघायचं मात्र टाळायचो.

कारण वाकडं पाऊल माझंही पडलं होतं.

कारखान्यात ज्याच्या उसाची लागण, म्हणजे लागवड, आधी, त्याची ऊसतोड आधी. नोंदीचं रजिस्टर मी लिहायचो, खाली सही तात्या करायचे. माझ्या मेव्हण्याचा ऊस लवकर तुटावा म्हणून मी त्याच्या लागणीची तारीख वीस दिवस मागं टाकली. तात्यांनी न बघता सही केली. माझ्यावर विश्वास होता, दुसरं काही नाही.

मेव्हण्याच्या उसाला तोड मिळाली. नंबर गेला तो शेळगावच्या आबांचा. त्यांचा ऊस उन्हाळ्यापर्यंत उभा राहिला, तुरे आले, फडात वाळला. आबांनी तक्रार केली.

चौकशीत रजिस्टर उघडलं. तात्यांनी पान बघितलं, मग एकदा माझ्याकडे बघितलं.

"सही माझी हाय," म्हणाले.

त्यांना गोडाऊनला टाकलं. रिटायर होईपर्यंत तिथंच. लोक मागून 'तारीखवाले तात्या' म्हणायचे. तात्या बौद्ध, मी पाटलाच्या घरचा. त्यांच्याबद्दल आणखी काय काय बोललं गेलं ते इथे लिहीत नाही, आपल्याकडच्या माणसांना ते सांगायला नको. एवढंच सांगतो की कुणाला पुरावा लागला नाही. आणि मला ते सोयीचं पडलं.

पुढच्या रविवारी त्यांचा फोन. "येतुस न्हवं? भारी पिक्चर घावलाय."

मी गेलो. जातच राहिलो.

एकदा काकू माहेरी होत्या, आम्ही दोघंच. सिनेमातला माणूस शेवटी आपल्या पायांनी पोलिसात जातो. कुणाचा संशय नसताना. तात्यांचे डोळे भरून आले होते. माझा धीर सुटला.

"तात्या, ती तारीख..."

"ठावं हाय मला. तुझं अक्षर वळखू येत न्हाय व्हय?"

"मग बोलला का नाही तुम्ही?"

"तुझं नवीन लगीन झाल्यालं. नोकरी गेली असती. आन् न बघता सही केली ही माझीच चूक की." त्यांनी टीव्ही बंद केला. "पर मला सांगून काय उपेग? शेळगावला जा. आबांस्नी सांग."

"जातो," म्हणालो.

गेलो नाही. उलट रविवारी त्यांच्याकडे जाणंच कमी केलं. ते पुन्हा कधी त्या विषयावर बोलले नाहीत. गेल्या आठवड्यात हार्ट अटॅकने गेले.

काल त्यांचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. पांढऱ्या कपड्यांतली शंभर माणसं पंचशील म्हणत होती. मी मागे बसून हातातल्या कागदावर मराठी अर्थ वाचत होतो. चौथं शील खोटं न बोलण्याचं. मी कागद घडी करून खिशात घातला.

मग दोन शब्द बोलायला आबा उठले. वय ऐंशीच्या पुढं.

"माणूस हाय, चुकतो. तात्यांस्नी म्या कवाच माफ केलंय."

लोकांनी माना डोलावल्या. काकू खाली बघत होत्या. मी तेव्हाही गप्पच बसलो. माझ्या आयुष्यातली सगळ्यात लाजिरवाणी दोन मिनिटं ती.

आज सकाळी शेळगावला गेलो. आबा गोठ्यात होते. उभ्यानेच सगळं सांगितलं. ते चिडतील, हात उचलतील, असं वाटलं होतं.

आबांनी नुसता म्हशीच्या पाठीवर हात ठेवला.

"मंग काल चारचौघांत म्या माफी दिली ती कुणाला?"



त्यांनी टोपी घातली. "गाडी काढ. तात्याच्या मालकिणीची माफी मागायची हाय मला. तुझं काय करायचं त्ये मागनं बघू."

आत्ता आबा काकूंच्या घरात आहेत. मी बाहेर गाडीत बसून हे लिहितोय. लिहून झालं की आत जाणार आहे. पोस्ट पब्लिक ठेवली आहे. आमच्या कारखान्यातल्या, तालुक्यातल्या प्रत्येकाने वाचावी आणि ज्याने ज्याने त्यांना 'तारीखवाले' म्हटलं त्याला पाठवावी.

तारीख मी बदलली होती. तात्यांनी नाही.

तात्या, ऑफिसात रोज सकाळी तुम्ही मला जयभीम म्हणायचात आणि मी नुसती मान हलवायचो.

जयभीम, तात्या.