मेहुण्याने खोललेला ब्रेक

मोटारसायकल कोणाचीही असो, बसण्याआधी मी तिचा पुढचा ब्रेक दाबून बघतो. घरचे हसतात. हसू द्या. धुळे जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी असताना जे पाहिलं, ते निवृत्तीनंतरही डोक्यातून गेलेलं नाही.

सकाळची हजेरी चालू असताना अपघाताची खबर आली. नरडाण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर कपाशीची ट्रॉली शेताकडे वळत होती. तिशीतला एक शेतकरी जुन्या मोटारसायकलसकट मागून तिच्यात घुसला आणि जागीच गेला. पंचनामा करताना आमच्या हवालदाराने डांबराकडे बोट दाखवलं. ‘साहेब, टायर घासल्याची रेघच नाही.’ लख्ख ऊन, सरळ रस्ता, समोर डोंगराएवढी ट्रॉली, आणि गाडी अजिबात रोखली गेली नव्हती. अकस्मात मृत्यूची नोंद केली, गाडी मुद्देमालात घेतली.

दुपारी ठाण्यात फोन आला. ‘तो अपघात नाही. मेहुण्याने आदल्या दिवशी गाडीचा ब्रेक खोलला होता. त्याला उचला.’ नाव विचारलं तर फोन बंद. असल्या लोकांचा मला भारी राग. पिंडाला कावळा शिवायच्या आत यांची तोंडं सुटतात. पण राग आला म्हणून खबर फेकून देता येत नाही.

चौकशीत खबर खरी निघाली. मयत दारू पिऊन बायकोला मारायचा. ती माहेरी निघून गेली होती. तेव्हा तिच्या भावाने, म्हणजे या मेहुण्याने, भरबाजारात दम दिला होता की पुन्हा हात उचललास तर जिवंत ठेवणार नाही. पुढे समेट झाला, बहीण नांदायला परत आली. आणि तिला भेटायला आलेल्या याच भावाने अंगणात बसून दाजींच्या गाडीचा पुढचा ब्रेक सगळा खोलला होता. दुसऱ्या दिवशी दाजी गेले. मयताच्या बापाने फिर्याद दिली, सगळ्या गावासमोर दिलेल्या त्या दमावर बोट ठेवून. ‘सायेब, त्यानीच मना पोऱ्याले मारं. बठ्ठा गावना समोर बोलना व्हता तो!’ आणखी काय पाहिजे?

मेहुणा जळगावला मेहरूणमध्ये राहायचा, एका कारखान्यात फिटर होता. आम्ही घ्यायला गेलो तर दाजींच्या दहाव्याला निघायची तयारी करत होता. तसाच जीपमध्ये बसला. न्यायालयाने पोलीस कोठडी दिली.

खोटं बोलणारा माणूस हकिगत सांगताना मधले टप्पे गाळतो, हा माझा अनुभव. याने एकही गाळला नाही. गाडी जुनी, पुढच्या चाकाच्या डिस्कवर पॅड दाबणारा कॅलिपर वर्षानुवर्षं कोणी उघडलेला नाही, आतला पिस्टन गंजून अडकलेला. ब्रेक दाबला तरी पॅड हलत नव्हते. त्याने ब्रेकचा दांडा हळूहळू दाबत पिस्टन बाहेर काढला, बारीक पॉलिश पेपरने गंज उतरवला, रबर बसतं त्या खाचेतली घाण सुईने कोरून काढली. नवी रबरं ब्रेक ऑइलमध्ये भिजवून बसवली, पॅड नवे टाकले, ब्रेकच्या नळीतली हवा काढली.

‘एवढी मेहनत का घेतलीस? तुला तर तो माणूस डोळ्यांसमोर नको होता.’

‘नकोच होता, साहेब. तोंडावर सांगतो. पण त्या गाडीवर मागे माझी बहीण बसते. मांडीवर भाचा असतो. तो ब्रेक मी बिघडवीन?’

मला ते पटलं. पण पोलिसाला पटलं म्हणून आरोपी सुटत नसतो.

मग मोटार वाहन निरीक्षकाने गाडी तपासली. कॅलिपर नव्याने साफ केलेला, पिस्टन मोकळा, ब्रेक ऑइल पुरेसं, गळती कुठेच नाही. मात्र दोन्ही पॅड आणि डिस्क तेलाने माखलेली. पॅड डिस्कला धरण्याऐवजी नुसते घसरत होते. मागचा ब्रेक आधीपासूनच नावाला होता. गळती नव्हती, म्हणजे तेल बाहेरून टाकलेलं. हवालदार म्हणाला, ‘झालं साहेब, दोरी आवळली.’

मी पॅड नाकाशी धरला. शेंगदाण्याचं तेल! घरात फोडणीला असतं ते. तेव्हा मात्र मी चक्रावलो. फिटर माणूस घात करायला निघाला तर हाताशी ग्रीस आहे, इंजिन ऑइल आहे. तो बहिणीच्या चुलीजवळची बाटली कशाला आणेल? पॅड प्रयोगशाळेकडे रवाना केले आणि बापाचा पुरवणी जबाब घ्यायला मी स्वतः गावी गेलो.

ओसरीवर बसलो. मयताची बायको पाणी घेऊन आली. सासऱ्याकडे पाठ करून तिने हळूच विचारलं, ‘भाऊ जेवना का, सायेब?’ नवरा गेला, आता भाऊ जाणार, आणि दोन्हींचं खापर हिच्याच माथ्यावर फुटणार होतं. मी ‘हो, जेवला’ म्हणालो.

मयताचा म्हातारा बाप, आबा, हात जोडून तेच तेच सांगत होता: मेहुण्याला फाशी द्या. इतक्यात आमचा शिपाई फाटक ढकलून आत आला. बिजागरी जोरात करकरली. आबा बोलता बोलता उठला, कोनाड्यातली तेलाची बाटली घेतली, बिजागरीवर चार थेंब सोडले, फाटक मागेपुढे करून पाहिलं आणि परत येऊन रडणं होतं तिथून पुढे चालू केलं. जन्म बैलगाडीवर गेलेला माणूस. चाक वाजलं की तेल द्यायचं, हे त्याला श्वासासारखं झालं होतं.

 मेहुण्याने जबाबात सांगितलेली एक गोष्ट आठवली: नवे पॅड एकदोन दिवस चिरकतात, लक्ष देऊ नका, असं तो दाजींना बोलला होता. आबांना ते कोण सांगणार?

‘आबा, त्या दिवशी सकाळी गाडी वाजत होती का?’

‘वाजे ना! पुढलं चाक चिरके. पोऱ्या आंघोयले गया व्हता. मी गाडी पुढे-मागे करी देखी. मंग तेल दिधं.’

‘कुठे दिलं?’

‘जठे वाजे तठे. आवाज बंद व्हई गया.’

हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर समाधान होतं.  सून दाराची चौकट धरून उभी. आबाने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

‘सायेब, तेल दिधं तं काय व्हस?’

नोकरीत खुनी बघितले, दरोडेखोर बघितले. पण या प्रश्नाएवढी भीती मला कधी वाटली नाही. टाळता आलं असतं तर टाळलं असतं. पण कोठडीत एक निर्दोष पोरगा बसला होता. मी सांगितलं. बैलगाडीचं चाक तेलाने फिरतं आबा, हा ब्रेक तेलाने मरतो.

तो ओरडला नाही, रडला नाही. जबाबावर अंगठा दिला, धोतराला हात पुसला आणि उठून उभा राहिला. ‘आते माले धरी लई चला.’

प्रयोगशाळेचा अहवाल आला: खाद्यतेल. आम्ही न्यायालयात अहवाल दिला, मेहुणा सुटला. आबांबद्दल वरिष्ठांशी बोललो. हेतू नाही, कल्पनाही नाही. गुन्हा दाखल करू नये असंच ठरलं. मला वाटलं, म्हाताऱ्यावर उपकार झाले. कसले उपकार! तो दर बाजाराच्या दिवशी ठाण्यात यायला लागला. बाहेरच्या बाकावर बसायचा आणि मी दिसलो की स्वतःच्या अटकेबद्दल विचारायचा, ‘सायेब, मना नंबर कधी लागी?’

शोक करणाऱ्या माणसालाही आधी प्रश्न विचारावेत, ही शिकवण मी पुढे नव्या पोरांना देत राहिलो. ती कामाचीच आहे. पण या केसने दाखवलेली खरी गोष्ट वेगळी होती. आमच्याकडे निर्दोष माणसाला सोडण्याचा कागद असतो. पण जो स्वतःला सोडायलाच तयार नाही, त्याच्यासाठी कुठल्याच ठाण्यात काही नसतं.

तो बाकावरून हलायचाच नाही, म्हणून सून शेवटी भावाला फोन करायची. ज्याला फाशी मागितली होती तोच पोरगा सुट्टी टाकून जळगावहून यायचा, बाकापाशी उकिडवा बसायचा आणि म्हणायचा, ‘चला आबा, साहेबांनी पुढची तारीख दिली.’ मी खोलीतून मान हलवायचो. तेवढ्यावर म्हातारा उठायचा.