गुहेत उभी राहिलेली दुपार

"दर्याकडे वळ," मी म्हणालो.

"अवो, गुहेत कुठला आलाय दर्या? नीट सांगा."

"तो मोडका खांब दिसतो? त्याच्या मागे निळा दगड आहे. दोन्ही एका रेषेत आण. आले? आता सरळ जा."

बायको सरळ गेली. टीव्हीतली आमची चार माणसं एकामागे एक चालत अरुंद वाटेतून पार झाली. त्या वाटेने आम्हाला कित्येक दुपारी चकवलं होतं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "डोळे अजून चालतात की तुमचे. गुडघेच गेलेत."

आम्ही दोघांनी मिळून केलेलं हे शेवटचं काम. त्यात काही विशेष नव्हतं. रोज दुपारचं तेच चालायचं.

तो खेळाचा डबा आमच्याकडे कसा आला ते सांगतो, नाहीतर लोकांना वाटतं म्हातारा बडबडतो. पोरगी तलासरीला दिली आहे. जावई कारखान्यात आहे. तिथला एक जपानी साहेब आपल्या मुलखात परत गेला, तेव्हा जुना डबा, दोन तबकड्या आणि एक कार्ड जावयाला देऊन गेला. जावयाच्या घरात नवा टीव्ही, त्याला ह्या डब्याची वायर लागेना. आमचा टीव्ही जुना, पोटवाला. त्याला लागली. डब्याला आपली लाईट झेपत नाही, म्हणून डहाणूच्या गुजराती दुकानदाराकडून मधे एक छोटा ट्रान्सफॉर्मर बसवून घेतला. दुकानदाराने तबकडी उलटीपालटी केली आणि म्हणाला, "काका, आ तो जापानी छे. कंई समजाशे नहीं."

ती म्हणाली, "मराठी तरी कुठे वाचता येतं मला."

मी चौथी शिकलो. ती शाळेत गेलीच नाही. नरपडच्या किनाऱ्यावर बोंबील सुकवले आणि डहाणूच्या बाजारात विकले, ह्यात तिचा जन्म गेला. पण हाताला तिच्यासारखी चलाख बाई मी पाहिली नाही. बोंबलाच्या जबड्यात जबडा अडकवून जोडी दोरीवर टाकताना तिची बोटं दिसायची नाहीत. खेळाच्या त्या बटणांवर अक्षरं नव्हती, आकार होते. गोल, फुली, चौकोन, तिकोन. एका दुपारीच तिला कळलं, गोल म्हणजे हो आणि फुली म्हणजे नको. पोरगी आली तेव्हा म्हणाली, "आये, फुली म्हणजे हो असतं, सगळीकडे तसंच आहे." ती म्हणाली, "तुझ्याकडे असेल. जपानात गोल म्हणजे हो." पोरीने फुली दाबून बघितली आणि खेळातल्या दुकानातून काही न घेता हात हलवत बाहेर आली. मग तीही गोल दाबायला लागली.

खेळ म्हणजे एक लांबलचक गोष्ट. चार जणं गावोगाव फिरतात. वाटेत जनावरं येतात, त्यांच्याशी लढायचं. दुकानातून सामान घ्यायचं, धर्मशाळेत झोपायचं. झोपलं की जखमा बऱ्या. माणसं एकमेकांशी बोलतात तेव्हा खाली अक्षरं उमटतात. ती आम्हाला कळायची नाहीत, म्हणून बायको आपलंच बोलायची. मिशीवाला राजा तोंड हलवायला लागला की म्हणायची, "हा म्हणतो, माझं जाळं कोणी कापलं?" पांढऱ्या झग्यातल्या पोरीचं नाव तिने बायो ठेवलं. बायो लढत नसे, पडलेल्यांना बरं करायची. खरी गोष्ट काय होती देव जाणे. आमची गोष्ट जाळ्याची होती आणि ती बरी चालली होती.

हात तिचा, वाट माझी. दर्यावर मासेमारीची जागा खुणांवर सापडते. महालक्ष्मीचा डोंगर अमक्या झाडाच्या डोक्यावर आला आणि थर्मलची, म्हणजे वीजकेंद्राची, चिमणी तमक्या देवळाला लागली की जाळं टाकायचं. अक्षर लागत नाही. खेळातली गावं मी तशीच लक्षात ठेवली. गुहेत मात्र डोंगर नाही, आभाळ नाही. तिथे आम्ही अडकलो होतो.

तिचा एक कायदा होता. खेळात जागोजागी दिवे असतात. दिव्यापाशी गेलं की खेळ कार्डात साठवता येतो, मग डबा बंद केला तरी चालतं. पण चौघांतलं एकही माणूस पडलेलं असेल तर ती साठवायची नाही. दिवा समोर असला तरी माघारी फिरून धर्मशाळा गाठायची, पडलेल्याला उठवायची, मग पुन्हा सगळी वाट चालायची. मी चिडायचो. ती म्हणायची, "होडीवर माणूस पडलं तर तुमी जाळं टाकत बसता काय? आधी घरी आणता." मग मी माघारीची वाट सांगायचो.

तर त्या दुपारी अरुंद वाट सापडली, आम्ही पुढच्या दालनात आलो. तिथे कोपऱ्यात दिवा दिसला, लांब. तेवढ्यात खिडकीतला उजेड गेला.

"आभाळ आलंय. बोंबील भिजतील."

तिने मधलं बटण दाबलं. चित्र थांबलं. "हात लावू नका. आलेच."

"चहा टाकू?"

"टाका. साखर माझ्या अंगात आहे तेवढी पुरे."

मी चहा टाकला. तो उतू जायच्या आत शेजारीण ओरडली. बायको दोऱ्यांखाली पडली होती, कडेला बोंबलांचा भारा. रिक्षात घातली, डहाणूच्या दवाखान्यात नेली. डॉक्टरने मनगट धरलं, डोळ्यात बॅटरी मारली आणि मला बाकावर बसा म्हणाला. बसा म्हणाला तेव्हाच कळलं.

पाऊस आलाच नाही. नुसतं आभाळ होतं.

तिला पोचवून घरी आलो तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. पणती लावली होती. टीव्हीवर कोणीतरी चादर टाकली होती. माझी बहीण खाली वाकून डब्याचं बटण शोधत होती.

"हात लावू नको."

"अरे दादा, लाल दिवा जळतोय ह्याचा."

"जळू दे."

"सुतकात खेळ चालू ठेवतोस? लोक काय म्हणतील?"

"खेळतंय कोण? नुसता उभा आहे."

बहीण पोरीकडे बघायला लागली. पोरगी रडून सुजली होती, तरी तिला समजलं. ती म्हणाली, "आत्ये, राहू दे. आयेने साठवलं नाहीये."

तेवढंच होतं. आधीचा खेळ कार्डात होता, त्याची मला काळजी नव्हती. ही दुपार कार्डात नव्हती. ती फक्त त्या डब्यात, लाईट आहे तोवर. मोडका खांब, निळा दगड, तिने चालवलेली वाट. लाईट गेली की गेलं. आणि आमच्याकडे लाईट जाते. थर्मलची चिमणी दारातून दिसते, तरी जाते.

घरचा इन्व्हर्टर होता, त्याची बॅटरी कधीच मेली होती. मी होडीवर गेलो, इंजिनाची बॅटरी सोडवली आणि खांद्यावर घेऊन आलो. होडी माझी आणि धाकट्या भावाची, अर्धी अर्धी. सुतकात ती निघणार नव्हतीच. भाऊ वाटेत भेटला. बॅटरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"कशाला?"

"वहिनीच्या डब्याला."

त्याने दुसरी बाजू धरली आणि घरापर्यंत आला.

मग ते दिवस. एका बाजूला पणती, दुसऱ्या बाजूला तो लाल ठिपका. बायका पणतीत तेल घालायच्या, मी डब्याला हात लावून बघायचो किती तापला. दोनदा लाईट गेली, दोन्हीदा बॅटरीने धरलं. समाचाराला येणारे आधी पणतीला नमस्कार करायचे, मग एखादी म्हातारी ठिपक्यालाही करायची.

बहीण एकदा म्हणाली, "तूच खेळून साठव ना मग. मोकळा होशील."

"सुतक आहे."

"आणि सुतक नसतं तर?"

सुतक नसतं तरी मला येत नव्हतं. मी ती बटणं कधी हातात धरलीच नव्हती. दिव्यापर्यंत थोडीच वाट, पण जनावरं येणार. लढायचं कसं ते बायकोच्या बोटांत होतं. सगळी पडली तर पडदा काळा होतो आणि दुपार जाते. चादर टाकून ठेवली होती तोवर ती दुपार गेली तरी नव्हती.

दहाव्याला खाडीवर गेलो. पिंड ठेवला. मला वाटलं होतं कावळा शिवायचा नाही. मनात काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं, दिव्यापर्यंत नेतो म्हणून. कावळा लगेच आला. भात खाल्ला आणि उडाला. सगळे म्हणाले, सुखाने गेली. मला राग आला. गुहेत सगळं अर्धं टाकून गेलेल्या बाईची काहीच इच्छा राहिली नाही?

भाऊ येताना हळूच म्हणाला, "दादा, उद्या सकाळच्या भरतीला काढू म्हणतो. खलाशी बसून आहेत. बॅटरी लागेल."

"आणतो."

सकाळी उठलो. पोरगी झोपली होती. चादर काढली. आमची चार माणसं तशीच उभी होती, दालनाच्या तोंडाशी. मी बायकोच्या चटईवर बसलो, माझ्या नाही. मधलं बटण दाबलं.

वाट मला माहीत होती. चार पावलं गेलो तर जनावर आलं, पंखांचं. मला फक्त गोल ठाऊक. गोल दाबत राहिलो. बायोनेही काठी उचलून मारलं, तिला बरं करायला सांगायचं कुठून ते कळलं नाही. जनावर मेलं. पुढे दुसरं आलं. पुन्हा गोल, गोल. त्यात बायो पडली. बाकीचे तिघे वाकून उभे होते, पण उभे होते.

दिव्याशी पोचलो. पडद्यावर अक्षरं आली. बायकोने हे हजारदा केलं असेल, मी तेव्हा खुणा बघत असायचो. गोल म्हणजे हो.

बोट गोलावर ठेवलं आणि थांबलो. बायो पडलेली होती. बायकोला हे चाललं नसतं. माघारी फिरा म्हणाली असती, धर्मशाळा गाठा, उठवा, मग या. पण एवढी वाट माझ्या हाताने झाली नसती. बाहेर भरती लागत होती.

गोल दाबला. पुन्हा काही विचारलं, पुन्हा गोल दाबला. साठवल्यावर यायचा तो छोटा आवाज आला.

मग डबा बंद केला. लाल ठिपका गेला. बॅटरीच्या वायरी सोडवल्या, ती खांद्यावर घेतली आणि होडीकडे गेलो.