खिंडीतली बाई

परवा गारगोटीकडं जाताना नातवानं खिंडीत गाडी थांबवली. घाणेरीचा उग्र वास आला आणि लग्न होऊन सासरी चालत निघाले तो दिवस आठवला.

इथंच दगडांची रास होती. सासूबाई म्हणाल्या, "दगड टाक आन् सरळ चाल. मागं बघितलंस तर खिंडीतली बाई धरती."

"कोण बाई?"

"तुझ्यागत नवी नवरीच हुती की. मागं बघितलं, आन् सासरला पोचलीच न्हाय."

भीतीनं मी रडायचंही विसरले. मान ताठ करून चालत राहिले.

रास अजून आहे. परवा तिथं उभी राहून मी मागं वळले. खाली माहेरचं अंगण स्वच्छ दिसत होतं. आई त्या दिवशी तिथंच उभी असणार.

सासूबाई खोटं बोलल्या नव्हत्या. मागं बघितलं असतं, तर मीही सासरी पोचले नसते.