दारात बसलेली दक्षा

वेवजी गावची दक्षा राज्याच्या सीमेपलीकडच्या एका कारखान्यात परदेशी टी-शर्टांना बाह्या जोडायची. शेडच्या मागच्या दाराला कायम कुलूप. बायका माल चोरतील, ही शेठची भीती. गळा न शिवलेले अर्धवट टी-शर्ट चोरून कोण घालणार होतं, ते काही तो सांगत नसे.

मग इस्त्रीच्या टेबलाखाली वायर जळाली. आग लहानच, पण धुरात सगळ्या त्या दारावर जाऊन आदळल्या. दक्षाची मावसबहीण बारकी पायांखाली आली, तिचं मनगट मोडलं. ती पुन्हा मशीनवर बसली नाही.

बातमी फुटली आणि डहाणूच्या कॉलेजात चर्चा ठरली. दक्षाला पुढच्या खुर्चीत बसवलं. मुंबईचे अर्थतज्ज्ञ म्हणाले, भातलावणीच्या चिखलापेक्षा हे बरं. असे कारखाने म्हणजे गरिबांना वर नेणारी शिडी. पुण्याच्या बाई म्हणाल्या, असले कपडे जगाने विकतच घेऊ नयेत. टाळ्या दोघांनाही पडल्या. दक्षाला कुणी काही विचारलं नाही. तिच्यासोबत फोटो मात्र दोघांनीही काढून घेतला.

परतताना ती सोबत आलेल्या, शेजारच्या मशीनवरच्या शितलला म्हणाली, "एकाला आपण आत पाहिजे, दुसरीला बाहेर. आत जळून मेलो तर दोघं मिळून भाषण करतील."

पुढच्या महिन्यात परदेशी कंपनीचा तपासनीस आला. त्या सकाळी सुपरवायझर मनिषने कुलूप काढलं, दारावर हिरवा बाण चिकटवला, बायकांना हसतमुख राहायला बजावलं. तपासनीस एसीत चहा पिऊन खूश होऊन गेला. त्याची गाडी फाटकाबाहेर पडते न पडते तोच मनिष कुलूप घेऊन हजर.

दक्षा मशीन बंद करून उठली आणि उघड्या दारात जाऊन बसली. मनिष आधी ओरडला, मग त्याने कामावरून काढायची धमकी दिली, मग तो ताई-ताई करू लागला. शितल येऊन बसली. मागोमाग एकेक मशीन थांबलं.

"काम सोडत नाही आम्ही, मनिषभाई," दक्षा म्हणाली. "दार उघडं ठेवा, लगेच शिवायला बसतो."

संध्याकाळी कंटेनर निघायचा होता. शेठ धावत आला. रिकाम्या कंटेनरकडे बघून त्याला एकाएकी बायकांच्या जिवाची काळजी वाटू लागली. कुलूप गेलं ते गेलंच.

दक्षाला मात्र शिलाईवरून काढून त्या दाराशी, धागे कापायच्या कमी मजुरीच्या कामाला बसवलं. तिथे वारा छान येई. समोर दिवसभर मनिषचं तोंड दिसे, एवढाच काय तो त्रास.