जावयाचं डोकं
खंडेनवमीला झेंडूच्या फुलांत मशीन ऑइलचा वास मिसळला, की मला उद्यमनगरातलं ते वर्कशॉप आठवतं. तिथल्या जुन्या लेथच्या मोटारीचं वायरिंग बदलून मी ड्राइव्ह बसवला होता. आता पट्टा न हलवता नुसतं बटण फिरवलं की वेग कमी-जास्त व्हायचा. पूजेला जमलेल्या मंडळींना मालक म्हणाले, "पावणं, हे सगळं आमच्या जावयाचं डोकं हाय." मी पुढं झालो, तर माझ्याकडं बोट करून हसले, "ह्यानं काय केलंय, दोन वायरी जोडल्या की." सगळे हसले. आरतीच्या गडबडीत मी मोटारीच्या दोन वायरींची अदलाबदल केली. मोटार उलटी फिरली की कामाचा तुकडा पकडणारा, आट्यांवर बसवलेला जड चक सुटून पडणार, हे मला ठाऊक होतं. मशीन जावई सुरू करणार होता आणि चारचौघांत त्याची फजिती मला बघायची होती. ऐनवेळी तो मागं सरला आणि लेथ चालवणाऱ्या म्हाताऱ्या टर्नरला म्हणाला, "काका, मान तुमचा." चक सुटला तो काकांच्या पायावर. "उलटं बटण दाबलं ह्या आंधळ्यानं," मालक ओरडले. काकांनाही ते खरं वाटलं. त्यांनी पुन्हा लेथला हात लावला नाही. मी गुपचूप वायरी पुन्हा होत्या तशा जोडल्या. काका आज नाहीत, म्हणून लिहून ठेवतो, की त्यांनी बरोबरच बटण दाबलं होतं. त्यांच्या मुलांपुढं मी मान खाली घालीन. जावई भेटला, तर मात्र त्याला तोंडावर सांगेन, तो चक तुझ्यासाठी होता.